पहिला हात

सरकारी दवाखान्यात पेशंट किती वेळ ताटकळतो ते मोजायचं, असं वरून फर्मान आलं तेव्हा मोठ्या मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. का नाही पळणार? डॉक्टर निम्मे, खाटा त्याहून कमी, आणि सोमवारी सकाळी दारात अशी झुंबड की मुंगीला शिरायला जागा नाही. तरी बरं, मोजायची होती ती मिनिटं. लोकांचे हाल मोजा म्हणून कोणी सांगितलं असतं, तर बाईंनी त्याच दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला असता.

मोजणी होती साधीच. खिडकीवर केसपेपर निघाला की पेशंटचा नंबर पडद्यावर पांढरा उमटायचा. दवाखान्यातल्या माणसाने त्याला पहिला हात लावला की नंबर हिरवा. अर्ध्या तासात हात नाही लागला तर नंबर लाल व्हायचा, मॅडमच्या खोलीत घंटी वाजायची आणि तो लाल नंबर थेट वरच्या ऑफिसात जाऊन बसायचा. महिन्याला लाल किती, त्यावर दवाखान्याची इज्जत ठरायची आणि पुढच्या वर्षी औषधं किती मिळणार तेही.

पहिल्या महिन्यात ती घंटी इतकी कोकलली की शिपायाने तिच्यात कापूस कोंबला. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. पहिला हात म्हणजे डॉक्टरचाच हात असं कुठे लिहिलंय? नर्सचा हात काय लाकडाचा असतो? बसवा एक नर्स दारातच! येईल त्याचं मनगट धरायचं, 'काय होतंय' विचारायचं आणि हिरवं बटण दाबायचं. लाल व्हायची बिशाद नाही कोणाची. आणि खरंच नाही झाली. पुढच्या वर्षी दवाखान्याला ढाल मिळाली. मॅडमनी ती जिन्यापाशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी टांगली. मांडी घालून जमिनीवर बसलेले पेशंट दिवसभर त्या ढालीकडे बघत असायचे.

तर दारातल्या त्या खुर्चीवर बसल्या होत्या आपल्या सिस्टर.

सिस्टरांची उभी हयात ऑपरेशनच्या वॉर्डात गेलेली. टाक्यांतून पू येणार की नाही ते पट्टी सोडायच्या आधी सांगतील, अशी बाई. पण गुडघे गेले. जिना चढताना एकेका पायरीला 'आई गं' व्हायला लागलं, तेव्हा मॅडमनी बोलावून सांगितलं, "सिस्टर, बसून काम आहे. करता का?" सिस्टरांना वाटलं, देवच पावला.

सुरुवातीला त्यांनी ते काम मन लावून केलं. मनगट धरायच्या, नाडी मोजायच्या, डोळे बघायच्या, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, सगळं विचारून पडद्यावरचं दुसरं पान भरायच्या. रांग गेली फाटकाबाहेर. दहा-बारा नंबर लाल झाले. मॅडम तणतणत खाली आल्या.

"सिस्टर, तपासायला आत डॉक्टर बसलेत. तुम्ही फक्त हात लावा हो!"

"मॅडम, दुसरं पान नाही भरलं तर यंत्र आपोआप 'प्रकृती स्थिर' असं लिहितं. मी बघितलंच नाही, तर स्थिर कशी?"

"पेशंट चालत आला ना? मग स्थिरच. न चालणारे स्ट्रेचरवरून आत जातात, त्यांचा तुम्हाला त्रासच नाही."

सिस्टर चार दिवस घरी धुसफुसल्या, भांडी आपटली, मग सरावल्या. तोंडाने 'काय होतंय', एका हाताने मनगट, दुसऱ्या हाताने बटण. डोळे पडद्यावर. हिरवा झालेला नंबर त्यांच्या पडद्यावरून निघून जायचा, की पुढचा. वर्षभरात हात असा बसला की झोपेतसुद्धा जमलं असतं. जुन्या मैत्रिणी जाता-येता चिडवायच्या, "काय सिस्टर, आज शेत किती हिरवं केलं?" सिस्टरही हसून म्हणायच्या, "पीक जोरात आहे, तुम्ही कापणीला या!" आतमध्ये कापणी होतेय की नाही, हे बघायला मात्र त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. एक तर गुडघे. दुसरं म्हणजे बसायचा हॉल वळणापलीकडे होता, खुर्चीवरून दिसायचाच नाही. आणि जे दिसत नाही त्याचा त्रास करून घ्यायला वेळ कोणाकडे असतो?

त्यांचा मोठा भाऊ शिंपी होता. दवाखान्यापासून दोन गल्ल्या टाकून त्याचं दुकान. दुकान कसलं, एक फळी, एक आरसा आणि पायाने चालवायची शिलाई मशीन. वडील लवकर गेले, तेव्हा त्याच मशीनवर पाय मारून मारून त्याने बहिणीला नर्सिंगला घातलं होतं. स्वतःच्या अंगात उसवलेला सदरा, पण बहिणीचा पांढरा ड्रेस कसा कडक! मोटर लावून घे म्हणून सगळे त्याच्या मागे लागायचे, तर म्हणायचा, "पायाला जे कळतं ते मोटरला नाही कळत. कापड जाड लागलं की पाय आपोआप हळू होतो." बहिणीला तो अजून 'चिमे' म्हणायचा, पन्नाशी उलटलेल्या बाईला. गिऱ्हाईक आलं की माप घेता घेता सांगायचा, "काही दुखलं-खुपलं तर दवाखान्यात दारातच आमची चिमी बसते. माझं नाव सांगा."

वहिनी म्हणजे दुसरं टोक. तोंडाचा पट्टा असा की भाजीवाला लांबूनच भाव उतरवायचा. एकदा विजेचं बिल जास्त आलं, तर तिने ऑफिसात इतका दंगा केला होता की साहेब स्वतः खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसला. दादा कपाळाला हात लावायचा. पण घरातली अडलेली कामं तिच्याच तोंडामुळे मार्गी लागायची, हे तोही जाणून होता.

त्या सोमवारी सकाळी दादा भिंतीला धरत धरत दारात आला. वहिनी केसपेपर काढून मागून येत होती. रांग होती लांबलचक. सिस्टरांनी भावाला बघितलं आणि त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"अगंबाई, दादा? काय झालं?"

"काही नाही गं, पहाटेपासून पायात पेटके येतायत. मी म्हटलं तेल चोळू, तर हिने धरून आणलं."

"तेल कसलं चोळतोस? बरं केलं वहिनी, आणलंत ते. इकडे ये, पुढे ये आधी."

रांगेत कुरकुर झाली. एक म्हातारा म्हणालाच, "ओ सिस्टर, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?"

"आजोबा, एका मिनिटाने तुमचं काही सोनं लुटलं जात नाही!" सिस्टर ठसक्यात म्हणाल्या. वर्षभर त्या खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःच्या माणसासाठी कधी काही केलं नव्हतं. आज संधी होती. त्यांनी वहिनीच्या हातून केसपेपर जवळजवळ ओढूनच घेतला, डाव्या हातात दादाचं मनगट धरलं, उजव्या हाताने नंबर शोधला आणि बटण दाबलं. नंबर हिरवा. शेजारी मिनिटांचा आकडा आला.

"चार मिनिटं!" त्या आनंदाने म्हणाल्या. "मंत्र्यालासुद्धा इतक्या लवकर हात लागत नाही, दादा. जा, आत जाऊन बस. आता काही काळजी नाही."

दादाच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की सिस्टरांना भरून आलं. वहिनीला तो म्हणाला, "बघ, उगाच घाबरत होतीस." आणि एक पाय ओढत वळणापलीकडे गेला. तो पाय ओढतोय हे सिस्टरांनी बघितलं नाही. त्यांच्या हातात त्या म्हाताऱ्याचं मनगट आलेलं होतं.

मग सोमवार सुरू झाला. तापाची पोरं, खोकणारे म्हातारे, बोट कापलेली बाई, कानात काहीतरी गेलेला एक गृहस्थ. सिस्टरांना पाणी प्यायला उसंत नव्हती. मधूनच दादाची आठवण झाली, तेव्हा पडद्यावर त्याचा नंबर नव्हता. त्यांना वाटलं, गेला आत डॉक्टरकडे. खरं तर हिरवा झालेला कुठलाच नंबर पडद्यावर राहत नाही हे त्यांना पाठ होतं. तेच तर त्यांचं रोजचं काम. पण आपल्या माणसाचं भलं झालं असं एकदा मनाने घेतलं, की डोकं पुढचं काही विचारत नाही.

जेवायची सुट्टी झाली. डबा उघडताना सिस्टर जराशा रुसल्यासुद्धा होत्या. गोळ्या घेऊन गेला वाटतं घरी. जाताना सांगून जाईल तर शपथ! पहिला घास तोंडात घातला आणि समोर वहिनी उभी. तिचं तोंड पांढरंफटक.

"वन्सं, अजून नंबर नाही हो आला. पाय हलत नाही म्हणतायत."

सिस्टर डबा तसाच टाकून उठल्या.

गुडघे, कंबर, कशाचं भान राहिलं नाही. वळण ओलांडून त्या हॉलमध्ये आल्या आणि दारातच थबकल्या. सकाळपासून त्यांनी हिरवे केलेले जवळजवळ सगळे तिथेच होते. बोट कापलेली बाई फडकं धरून बसलेली. कानवाला गृहस्थ मान वाकडी करून पेंगलेला. पोरं रडून रडून आयांच्या मांडीवर झोपलेली. तो म्हाताराही होता. त्याने सिस्टरांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

दादा कोपऱ्यातल्या बाकावर. कपाळावर घाम, ओठ दातांत धरलेला. सिस्टरांनी खाली बसून त्याचा बूट काढला, मोजा ओढला. पाय मेणासारखा पांढरा. घोट्यापर्यंत गार, अगदी बर्फ. त्यांनी पावलावर बोटं ठेवली. काही लागेना. बोटं सरकवली, दाबून बघितली. घोट्यामागे बघितलं. गुडघ्यामागे बघितलं. कुठेच नाडी नव्हती.

"दादा, बोटं हलव."

"हलवतोय की," दादा म्हणाला. बोटं हलत नव्हती.

आता वॉर्डात हयात काढलेल्या बाईला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. पायात रक्त उतरत नव्हतं, आणि तेही पहाटेपासून. त्यांनी दादाचं मनगट धरलं, या वेळी डोळे मिटून, मोजून. नाडी ठेचकाळत चालली होती. दोन ठोके जवळजवळ, मग गप्प, मग एकदम तीन. असल्या नाडीचं हृदय रक्ताची गुठळी सोडतं, हे त्यांनी किती शिकाऊ पोरींना शिकवलं होतं! सकाळी हेच मनगट त्यांच्या हातात होतं. सकाळीही नाडी अशीच असणार. त्यांच्या बोटांना ते कळलं होतं का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

"स्ट्रेचर!" सिस्टर ओरडल्या. आणि त्यांच्या पांढऱ्या ड्रेसमुळे म्हणा, आवाजामुळे म्हणा, स्ट्रेचर पळत आलं.

आतली नर्स त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिने पडदा बघितला आणि गोंधळली. "अहो सिस्टर, पण इथे तर स्थिर लिहिलंय. तुमचंच नाव आहे."

"ते राहू दे! सर्जनला बोलाव."

"तुमचे भाऊ आहेत हे एका शब्दाने तरी सांगायचं ना! इथे सगळेच स्थिर असतात हो. आम्हाला काय कळतंय कोण खरा स्थिर? आम्ही आपले जो ओरडेल त्याला आधी आत घेतो. तुमच्या वहिनींनी दारावर एक थाप मारली असती ना, तरी मी उठून बघितलं असतं."

वहिनी शेजारीच उभी होती. एरवी असल्या बोलण्यावर तिने त्या पोरीची सालटी काढली असती. ती काहीच बोलली नाही.

सर्जन आला. तरुण होता, डोळे जागरणाने तांबारलेले. त्याने पाय बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "अहो, इतक्या उशिरा का आणलंत? सकाळी आणलं असतं तर गुठळी काढून पाय वाचवला असता."

तेव्हा मात्र वहिनीला कंठ फुटला. "उशिरा? सकाळपासून तुमच्याच दारात बसलोय आम्ही! दवाखाना उघडल्यापासून!"

सर्जनने पडद्याकडे बघितलं. पहिली तपासणी चार मिनिटांत, प्रकृती स्थिर, खाली सिस्टरांचं नाव. त्याने सिस्टरांकडे एकदा बघितलं आणि हात धुवायला गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, असं सिस्टरांना वाटलं.

पाय नाही वाचला. गुठळी निघाली, पण खालचं सगळं मेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वर पाय कापला. ज्या थिएटरच्या दारात सिस्टरांनी शेकडो नातेवाइकांना 'धीर धरा' म्हणून सांगितलं होतं, त्याच दारात त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि धीर नावाची गोष्ट नेमकी कुठे धरायची असते ते त्यांना कळत नव्हतं.

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. चहा मागवला. हे लक्षण काही चांगलं नव्हतं.

"फार वाईट झालं हो. तुमचे सख्खे भाऊ. मला तर जेवण गेलं नाही." मॅडम खरंच उतरलेल्या दिसत होत्या, उगाच त्यांना दोष का द्या? "पण त्यातल्या त्यात एक बरं. आपली नोंद स्वच्छ आहे. चार मिनिटं. तुमच्या वहिनी काल तक्रारीच्या खिडकीवर आल्या होत्या. क्लार्कने त्यांना ते दाखवलं."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? गेल्या. घरचीच माणसं आहेत, तुम्ही समजूत घालाल म्हणा. आणि सिस्टर..." मॅडमनी आवाज उतरवला, "प्रकरण वाढलं तर ते 'स्थिर' तुमच्या नावावर आहे. मला तुमची काळजी वाटते."

"स्थिर यंत्राने लिहिलं, मॅडम."

"बटण तर तुम्ही दाबलंत ना?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "मी दाबलं."

चहा तसाच राहिला. त्या उठून वॉर्डाकडे निघाल्या. जिना चढताना गुडघ्यांनी रोजच्यासारखं रडगाणं लावलं. सिस्टरांना त्या गुडघ्यांचा एकदम इतका राग आला की त्या कठड्याला धरून क्षणभर तशाच थांबल्या. दुखायला आहेत तरी तुला गुडघे, असं कोणीतरी तोंडावर मारल्यासारखं झालं.

दुपारची भेटायची वेळ होती. दादा उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट. तिकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी जणू ठरवलेलं, आणि सगळ्यांची नजर फिरून फिरून तिथेच. वहिनी पायथ्याशी स्टुलावर. शेजारच्या खाटेवर हात मोडलेला एक ट्रकवाला होता, दादा त्यालाच सांगत होता:

"ही बघा, हीच आमची चिमी. ही नसती ना, तर मी त्या दारातच आडवा झालो असतो. आल्या आल्या हिने हात लावला. एवढी रांग, पण पहिला मी."

ट्रकवाला म्हणाला, "नशीबवान आहात. आमचं कोणी नाही असं आत."

"अहो, काय नशीबवान?" वहिनीचा आवाज चिरका झाला होता. "खिडकीवरचा तो म्हणतो, चार मिनिटांत तपासलं तुमच्या पेशंटला. चार मिनिटांत तपासलं, तर पाय का गेला? मला लिहून द्यायचीय तक्रार."

"काही लिहायचं नाही," दादा म्हणाला. "चिमीची नोकरी आहे तिथे. आणि तिने बघितलं तेव्हा गुठळी नसेलच. नंतर आली असेल. डॉक्टरसुद्धा म्हणाले, या गोष्टी अचानक होतात. चिमे, तू सांग हिला."

सिस्टरांना वाटलं, आत्ता इथे जमीन फाटावी. सांगायचं काय? 'हो' म्हटलं की संपलं. नोंद स्वच्छ, नोकरी शाबूत, भाऊ खूश. दादानेच उत्तर हातात आणून दिलं होतं, काज करून बटण लावावं तसं. त्यांनी तोंड उघडलं, आणि तो 'हो' काही केल्या बाहेर येईना.

"दादा, मी बघितलं नव्हतं."

"काय?"

"मी तुला तपासलंच नाही. तुझा हात धरला आणि बटण दाबलं. मी तिकडे तेवढंच करते. सगळ्यांचा हात धरते आणि बटण दाबते. हात लागला की मोजणी थांबते, म्हणून. पुढे पेशंट आत किती वेळ बसतो ते कोणी मोजत नाही." एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "नाडी मोजली असती तर मला तिथेच कळलं असतं. मोजा काढला असता तरी कळलं असतं. तू पाय ओढत गेलास, ते पण मी बघितलं नाही. मला वाटलं मी तुझ्यावर उपकार करतेय रे. चार मिनिटांत हिरवा केला म्हणून मला मेलीला आनंद झाला होता!"

त्या रडायला लागल्या. चारचौघांत, ड्रेस अंगावर असताना, नाक पुसायलाही रुमाल नव्हता. ट्रकवाल्याने तोंड भिंतीकडे केलं.

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. लहानपणी गणित चुकलं की बघायचा तसं, कुठे चुकलं ते शोधत.

"पण तू म्हणालीस, आता काळजी नाही."

"हो रे."

"मग मी..." तो थांबला. वहिनीकडे वळला. "ही तासाभरातच उठली होती. म्हणाली, पाय गार लागतोय, मी आत जाऊन आरडाओरडा करते. मी हिचा हात धरून खाली बसवलं. तीनदा उठली ही, तीनदा बसवलं. म्हटलं, तमाशा करू नकोस, चिमीला खाली बघायला लागेल. तिने हात लावलाय, तिने बघितलंय. तिला कळत नाही का आपल्यापेक्षा?"

वहिनी खाली बघून बसली होती. त्या दिवसापासून ती अशी गप्प का, हे सिस्टरांना आत्ता कळलं. नवऱ्याचं ऐकलं, आयुष्यात एकदाच गप्प बसली, आणि त्याचा पाय गेला. तेच ती इतके दिवस गिळत होती. आणि गिळायचं कोणामुळे, तर आपल्यामुळे.

"वहिनी," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही ओरडला असतात तर..."

"माहितीये मला!" वहिनी म्हणाली.

आणि ती ओरडली. शब्द नव्हता त्यात काही. नुसता आवाज, पोटातून वर आलेला. खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून ती ओरडत राहिली. वॉर्डभर माणसं उठून बसली. कोणाच्या तरी हातातलं भांडं पडलं.

क्षणात धावपळ झाली. एक नर्स पळत आली, मागून दुसरी, मग वॉर्डबॉय, आणि गळ्यातला स्टेथोस्कोप सावरत तो सर्जन. चौघांनी खाटेला वेढा घातला. एकीने दादाचं मनगट धरलं, दुसरीने पट्टी सोडून बघितली, सर्जनने वाकून विचारलं, "काय होतंय पेशंटला? कोणीतरी बोला! काय होतंय?"

वहिनी ओरडतच होती, आणि दादाने या वेळी तिला गप्प केलं नाही.